पळा, सायकल हाणा, परत पळा!

ज्याला भेटेन त्याला सध्या मी एकच गोष्ट सांगत सुटले आहे. भाजीवाल्या मावशींना सांगून झालं, बँकेतल्या शिपाईदादांना सांगून झालं, दातांच्या डॉक्टरांना तर तोंडात कापूस असताना सांगायचा प्रयत्न करून झाला. ड्युएथलॉन! आधी पाच किलोमीटर पळायचं, मग वीस किलोमीटर सायकल चालवायची आणि सायकलवरून उतरल्या उतरल्या पुन्हा पाच किलोमीटर पळायचं. मध्ये घड्याळ थांबत नाही. दम खायला खुर्ची नाही, पाणी प्यायचं तेही चालत्या घड्याळात. आणि हे सगळं आषाढातल्या धो-धो पावसात, त्र्यंबक रस्त्यावर, वारा थेट तोंडावर घेत! असा खेळ जगात आहे आणि चाळिशी उलटेपर्यंत मला कुणी त्याचं नावही सांगू नये?

तसं पाहिलं तर नाशिकमध्ये दोन जमाती आहेत. एक पळणाऱ्यांची. ही मंडळी पहाटे गोल्फ क्लबच्या मैदानाला फेऱ्या मारतात, जानेवारीत मविप्र मॅरेथॉनला उतरतात आणि उरलेलं वर्ष गुडघ्यांवर बोलतात. दुसरी सायकलवाल्यांची. ही रविवारी उजाडायच्या आत बाहेर पडतात, गंगापूर धरण नाहीतर त्र्यंबक गाठतात आणि परतताना मिसळीच्या दारात सायकली लावून, जाळलेलं सगळं तर्रीपावासकट वसूल करतात. पळणाऱ्यांना वाटतं, सायकलवाले बसून व्यायाम करतात. सायकलवाल्यांना वाटतं, पळणाऱ्यांना सायकलीचे भाव झेपत नाहीत. मी पहिल्या जमातीतली. सायकल माझ्या लेखी शाळेबरोबर संपलेली वस्तू होती.

दोन्ही जमातींचं कूळ मात्र थोर. त्र्यंबक तालुक्यातल्या हरसूलकडच्या सावरपाड्याची कविता राऊत 2010 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरला कांस्य घेऊन आली, त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य, आणि 2016 ला रिओत ऑलिंपिकची मॅरेथॉन पळली. ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ म्हटलं की आजही इथल्या रिक्षावाल्याची मान ताठ होते. सायकलीकडे बघा. 2015 मध्ये डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे नाशिकचे भाऊ ‘रेस अक्रॉस अमेरिका’ला गेले. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून निघायचं, वाळवंट आणि रॉकी पर्वत ओलांडून पूर्व किनाऱ्याला पोचायचं, सुमारे 4,800 किलोमीटर. दोघांनी आळीपाळीने सायकल हाणत ती नऊ दिवसांच्या आत पुरी केली. दोनच वर्षांनी, 2017 मध्ये, लष्करी डॉक्टर लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी हीच शर्यत एकट्याने मुदतीत संपवली. असं करणारे ते पहिले भारतीय, आणि तेही तेव्हा नाशिकमध्येच राहणारे. म्हणजे पळण्याचं घराणं इथलं, सायकलीचं घराणंही इथलंच. मग या दोन घराण्यांची सोयरीक एकाच सकाळी लावून देणारा खेळ गल्लोगल्ली कसा नाही, हे मला खरोखर कळत नाही.

त्यात या खेळाला उगाच कमी लेखतात. ट्रायथलॉनमध्ये पोहणंही असतं, ती 2000 च्या सिडनी ऑलिंपिकपासून ऑलिंपिकमध्ये आहे, तिच्यातून ‘आयर्नमॅन’ निघतात. ड्युएथलॉन म्हणजे ज्यांना पोहता येत नाही त्यांची सोय, असा एक सूर असतो. तो ऐकला की आता माझं डोकं फिरतं. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकला काय झालं आठवा. सेन नदीचं पाणी पोहण्याजोगं नव्हतं, पुरुषांची ट्रायथलॉन एक दिवस पुढे ढकलावी लागली, आणि पाणी सुधारलंच नाही तर काय करायचं याची आयोजकांची तयारी काय होती? ड्युएथलॉन! पोहणं गाळायचं आणि त्या जागी पळायचं. सगळ्या जगाचे कॅमेरे लागलेले असताना अडल्या वेळी आठवण आली ती या सावत्र भावंडाचीच. आणि आमच्याकडे तर आषाढात गोदावरीला पूर. पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर चढलं, गुडघ्याला की कमरेला, यावर सगळं शहर पुराचा अंदाज बांधतं. त्या पाण्यात पोहायला कोण उतरणार? नाशिकच्या पावसाळ्यात करायची तर ड्युएथलॉनच. ती जणू आमच्यासाठीच काढली आहे.

मला हे सगळं कळलं ते माझ्या भाच्यामुळे. सायकलवेड्या मंडळींनी एक छोटीशी स्पर्धा ठरवली होती, बक्षिसाला मेडल आणि मिसळ. भाच्याने स्वतःचं नाव दिलं, शेजारी माझंही घातलं, आणि त्याची जुनी हायब्रिड सायकल माझ्या दारात लावून गेला. नवरा म्हणाला, “पाऊस आहे, रद्दच होईल.” रात्री ग्रुपवर मेसेज आला: वीज कडाडली किंवा रस्त्यावर पाणी चढलं तरच रद्द, नुसत्या पावसाने नाही. नुसत्या पावसाने नाही! ते वाक्य मी दोनतीनदा वाचलं आणि नको इतक्या उत्साहाने झोपले.

आमच्या जिल्ह्याचा पाऊस ही एक अजब चीज आहे. पश्चिमेला इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर कोसळतो, नाशिक शहरात सातशेच्या आसपास पडतो, आणि पूर्वेला येवला-मालेगावकडे गेलात की पाचशेला हात लागले तरी लोक समाधान मानतात. सह्याद्रीला ढग आपटतात, तिथेच रिते होतात, आणि शहरापर्यंत उरलंसुरलं येतं. हे भूगोलाच्या पुस्तकात वाचलेलं. पण सायकलवर बसून त्र्यंबकच्या दिशेला निघा, हा धडा अंगावर गिरवला जातो. सातपूरला भुरभुर. महिरावणीपाशी सर. अंजनेरीच्या पायथ्याशी पोचेपर्यंत नळ उघडा टाकलेला, आणि बंद करणारं कुणी नाही.

स्पर्धेचं ठिकाण त्र्यंबक रस्त्यालगतचं एक मैदान. सहाच्या सुमाराला पोचले तेव्हा चिखलात पत्र्याच्या मांडवाखाली लोखंडी पाइपांना सायकली सीटच्या नाकावर टांगलेल्या होत्या. याला ट्रान्झिशन म्हणतात. ही जागा मी तुम्हाला नीट दाखवल्याशिवाय पुढे जाणार नाही, कारण निम्मा खेळ इथेच आहे. प्रत्येकाला हातभर जागा. त्यात पुढच्या दोन तासांचा संसार मांडायचा. बाहेर कोसळत होतं, मांडव ठिकठिकाणी गळत होता, आणि जाणती मंडळी शांतपणे आपापली युक्ती करत होती. कुणी सायकलीच्या सीटला दुधाची पिशवी चढवलेली. कुणी कोरडे मोजे गुंडाळी करून, तोंड उलगडून, आत टाल्कम पावडर भुरभुरून, वर जाड प्लास्टिकच्या पिशवीला गाठ मारून ठेवलेले, म्हणजे ओल्या पायातही एका झटक्यात चढतील. बुटांना नाड्या नाहीत, त्या जागी लवचिक रबरी दोऱ्या. हेल्मेट हँडलवर उलटं, पट्टे बाहेर काढलेले. माझ्या शेजारी ओझरचे एक काका होते, साठीच्या पुढचे, जुन्या लोखंडी सायकलीचं कॅरिअर काढून आलेले. त्यांनी खिशातून खोबरेल तेलाची छोटी बाटली काढली आणि माझ्यापुढे धरली. “ताई, काखेत, मांड्यांना, जिथं जिथं कापड घासतं तिथं लावा. पाण्यानं नाही मरत माणूस, घासण्यानं मरतो.” मी लावलं. काका, तुमचे उपकार!

नियमही मजेशीर. डोक्यावर हेल्मेट चढवून हनुवटीखालची क्लिप ‘टक्’ वाजल्याशिवाय सायकलीला हातच लावायचा नाही. लावलात तर शिक्षा. मांडवात सायकलवर बसायचं नाही, पळत ढकलत न्यायची, आणि जमिनीवरच्या रेषेपलीकडे गेल्यावरच टांग टाकायची. परत येतानाही रेषेच्या अलीकडेच उतरायचं. अंगावरचा नंबर सायकलवर असताना पाठीवर, पळताना पोटावर, म्हणून तो कमरेच्या पट्ट्याला लावतात आणि पट्टा फिरवतात. दुसऱ्याच्या मागे चिकटून वारा चुकवायचा नाही, अंतर ठेवायचं. कागदी नंबर पावसात टिकणार नाहीत म्हणून आमच्या दंडांवर जाड मार्करने आकडे काढले. दंडावर आकडा आल्याबरोबर माझ्यात काहीतरी बदललं. एरवी पावसात दुधाला जाताना छत्री, रेनकोट आणि कुरकुर, तिन्ही बरोबर नेणारी मी, मैदानाच्या मध्यावर उघड्या आभाळाखाली उभी राहिले आणि म्हटलं, पड लेका, किती पडतोस ते!

पहिल्या धावेबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पाच किलोमीटर मला सवयीचे. शिट्टी झाली, सगळे उधळले, रस्ता सोडून आम्ही गावाकडच्या अरुंद डांबरी वाटेला लागलो. दोन्ही बाजूंना भाताची आवणी चाललेली. चिखलात वाकलेल्या बाया, पाठीवर प्लास्टिकच्या खोळी, हातात रोपांच्या जुड्या. एका आजींनी कंबर सरळ करून हाक मारली, “कुठं पळती गं बाई एवढ्या पावसात?” मी ओरडले, “शर्यत आहे!” आजी म्हणाल्या, “कुणी लावली?” तोवर मी पुढे.

मग मांडव. हेल्मेट, क्लिप, टक्, सायकल उचल, पळ, रेषा, टांग! श्वास पळण्याच्या लयीत, पाय पेडलच्या लयीत, दोघांचा मेळ बसेना. आणि मैदानाचं फाटक ओलांडून मुख्य रस्त्याला लागले तर समोरून वारा.

या वाऱ्याविषयी आमच्या सायकलवाल्यांकडे आख्खं पुराण आहे, आणि मी ते आजवर थापा समजत होते. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो. त्र्यंबक पश्चिमेला. शिवाय नाशिकपेक्षा ते शंभरएक मीटर उंचावर, म्हणजे रस्ता दिसायला सपाट आणि चालवायला चढाचा. जाताना वाराही तोंडावर, चढही तोंडावर, पाऊसही तोंडावर. थेंब वरून पडतच नव्हते, आडवे येत होते. चष्म्याच्या काचा केव्हाच निरुपयोगी झाल्या होत्या, मी चष्मा काढून दातात धरला, मग छातीशी खोचला. रस्ता नुसता करडा पट्टा. गिअर हलका करत करत शेवटच्यावर आले आणि तरी सायकल चालत्या माणसाच्या वेगाने! मागून काका आले, लोखंडी सायकल, कमरेतून वाकलेले, नाक हँडलला. बाजूने जाताना म्हणाले, “वाऱ्याशी भांडू नका ताई, त्याच्या खालून जा.” मी वाकले. छाती हँडलकडे, कोपरं आत, हनुवटी खाली. आणि खरंच! तोच वारा, तोच चढ, पण सायकल सुटली. तरफ, घर्षण, हवेचा रोध हे मी शाळेत मार्कांसाठी पाठ केलं होतं. त्यातलं शेवटचं असं कोपर दुमडून कळतं हे त्या पुस्तकात छापायला हवं होतं.

अंजनेरी कुठे आहे ते कळलं नाही. म्हणजे ती होती, डाव्या हाताला असायलाच हवी होती, पण एवढा थोरला डोंगर ढगाने गिळून टाकला होता. ज्या डोंगरावर हनुमानाचा जन्म झाला असं आम्ही मानतो त्याच्या पायथ्याशी वारा असा झोंबावा, यात औचित्य आहे म्हणा. रस्त्याने त्र्यंबकला निघालेल्या गाड्या काचा खाली करून बघत होत्या. एका गाडीतून लहान मुलगी ओरडली, “काकू, पळवा!” श्रावणात तिसऱ्या सोमवारी याच भागात लाखो माणसं ब्रह्मगिरीची फेरी करतात, कित्येक जण अनवाणी, रात्रभर, भर पावसात. त्यांना कुणी वेडं म्हणत नाही. तेव्हा आम्ही पन्नासपाऊणशे टाळकी सायकली घेऊन भिजत होतो, तर त्यात एवढं बघण्यासारखं काय होतं?

पेगलवाडीच्या अलीकडे प्लास्टिकचा शंकू, त्याला वळसा, आणि जग उलटं फिरलं. वारा पाठीला आला. आवाज थांबला! इतका वेळ कानात भरलेली घरघर एकदम बंद, आणि टायरखालच्या पाण्याची चर्रर्र ऐकू यायला लागली. जाताना जिथे रडत होते तिथून मी अशी निघाले की पेडल मारणं निमित्तमात्र. हे सुख कुणी बाटलीत भरून विकलं तर मी घर गहाण टाकून घेईन.

सुखाला लगाम मात्र लागतो. रिमवर ब्रेक असलेल्या सायकलीचा ब्रेक पावसात दाबला की आधी नुसतं पाणी पुसलं जातं, पकड नंतर येते, तोवर सायकल बरीच पुढे. म्हणून वळणाच्या खूप आधीपासून हलके हलके दाबत राहायचं. डिस्क ब्रेकवाले त्यातल्या त्यात निर्धास्त. रस्त्यावरचे पांढरे पट्टे ओले झाले की गुळगुळीत, त्यावर वाकायचं नाही. ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातून आणलेला चिखल डांबरावर पसरलेला, त्यावरून सरळ जायचं, हँडल वळवायचं नाही. भाचा हे सगळं आदल्या रात्री फोनवर सांगत होता तेव्हा मला तो फार शहाणपणा करतोय असं वाटलं होतं. माझ्यापुढे एका पोराने पांढऱ्या पट्ट्यावर झटका मारला आणि सायकलसकट आडवा होऊन दोन मीटर घसरत गेला. उठला, गुडघ्याकडे पाहिलं, चेन बसवली आणि मला पुन्हा गाठून पुढे गेला. काय पोरं आहेत!

मागचा वारा आणि उतार यांचा एक हिशेब मात्र कुणी सांगितला नव्हता. पेडलला जोर लागत नाही म्हणून अंग तापत नाही, कपडे चिंब, त्यावरून वारा, आणि बघता बघता गारठा हाडात. जुलै महिना, नाशिक, आणि माझे दात वाजत होते! बोटं आधी दुखली, मग दुखायची थांबली, आणि ते जास्त वाईट. रेषेच्या अलीकडे उतरले, सायकल टांगली, हेल्मेटच्या क्लिपला हात घातला तर बोटांना क्लिप कळेना. दोन्ही अंगठे क्लिपवर, दाबतेय, काही नाही. समोर उभा असलेला स्वयंसेवक पोरगा हात पाठीमागे बांधून तळमळत होता, कारण मदत केली तर नियमभंग. “काकू, दोन्ही बाजूंनी! दोन्ही बाजूंनी दाबा!” मी ओरडले, “कुठे आहेत दोन्ही बाजू?” अखेर मनगटाने दाबून एकदाचं ‘टक्’. त्या टक् आवाजाला मांडवातल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आणि आता ज्यासाठी एवढं सगळं सांगितलं ते. दुसरी धाव.

मी पळायला लागले. म्हणजे डोक्याने हुकूम सोडला. खाली बघितलं तर दोन पाय हलत होते, पण ते माझे होते असं काही सांगता येईना. रात्रभर भिजत घातलेल्या मटकीसारखे फुगलेले, मऊ, आकार सुटलेले. गुडघा वर उचलायला जावं तर मांडी म्हणते, मी अजून सायकलवर आहे. कारण साधं आहे, पण किती सुंदर! सायकलवर वजन सीट उचलते, पाय नुसते गोल फिरतात, जमिनीचा दणका त्यांना बसतच नाही. पळताना दर पावलाला अंगाच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार एका पायावर येतो. तासभर एक काम करून रुळलेल्या स्नायूंना क्षणात दुसऱ्या कामाला जुंपलं की ते गोंधळतात. त्यात वाकून वाकून कमरेपुढचे स्नायू आखडलेले, पाठ सरळ व्हायला तयार नाही. रस्त्यावर मी एकटी नव्हते. पुढे पाचसहा जण अगदी तसेच, कुबड काढून, ढोपरं वाकवून, ओल्या रस्त्यावर फटाक् फटाक् पावलं टाकत. एरवी ऐटीत पळणारी ही माणसं! मला हसू आलं आणि हसलं की पोटात कळ, म्हणून हसू आवरलं.

काका शेजारी आले. “ताई, पावलं लहान टाका. लहान आणि भराभर. मोठी टाकायला जाल तर पोटऱ्या धरतील. पाय येतात आपोआप.”

“कधी?”

“येतात.”

आणि यात एक गंमत आहे, जी मला नंतर समजली. सायकलवर पाय मिनिटाला ऐंशी-नव्वद फेरे घेत असतात, म्हणजे दोन्ही पायांचे मिळून एकशेसाठ ते एकशेऐंशी ठोके. ती लय पायात तशीच राहते. पाय जड वाटतात, आपण रांगतोय असं वाटतं, पण पावलं पडतात ती त्याच लयीत, झपाझप. म्हणजे ज्या क्षणी आपण सर्वांत ढिम्म आहोत असं वाटतं त्या क्षणी आपण बऱ्यापैकी पळत असतो! मी इतकी वर्षं पळतेय, स्वतःच्या पायांची नस न् नस ओळखते असा माझा समज, आणि ते दोघे वीस किलोमीटर सायकलीत माझ्याशी ओळख विसरून आले होते.

मग ते आले. कुठल्याशा मोरीपाशी, एका पावलात. आधीचं पाऊल परक्याचं, पुढचं माझं. मांडी सुटली, टाच मागे गेली, पाठ उघडली, श्वास खाली पोटापर्यंत उतरला. मी अक्षरशः ओरडले. पावसाचा एव्हाना सरीवर सर असा मारा चालू होता, रस्त्याच्या दोन्ही कडांनी तांबडं पाणी खळाळत होतं, बुटातून दर पावलाला पिचकारी उडत होती, आणि मला गारठा नाही, दुखणं नाही, नुसतं पळणं. साध्या पाच किलोमीटरच्या धावेत हे मला कधी मिळालं नव्हतं, कारण तिथे पाय हरवतच नाहीत. आधी हरवायला सायकल लागते!

भाताच्या शेतापाशी त्याच आजी. आता बांधावर बसून चहा घेत होत्या. शेजारणीला कोपराने ढोसून म्हणाल्या, “बघ, मगाशी गेली ती हीच. अजून पळतीच हाय!”

शेवट गाठला तेव्हा घड्याळवाल्यांचा कागद भिजून लगदा झाला होता आणि एक मुलगी मांडवाच्या खांबावर खडूने वेळा लिहीत होती. माझी वेळ विचाराल तर मागून पहिल्या दहात असेन. काका त्यांच्या वयोगटात पहिले आले. त्या गटात ते एकटेच होते, हे त्यांनीच मेडल गळ्यात घालून माइकवर सांगितलं आणि पुढच्या वेळी स्पर्धक घेऊन या म्हणून सगळ्यांना दम भरला. मग मिसळ. ओल्या कपड्यांत, उभ्याने, द्रोणात, वरून पावसाचे चार थेंब पडलेली. पळणारे आणि सायकलवाले एकाच परातीभोवती. “तुमचे गुडघे कसे काय हो?” असं एक सायकलवाला चक्क मला आपुलकीने विचारत होता. मी त्याला पावलं लहान टाकायला सांगितलं, अनुभवी आवाजात.

भाच्याची सायकल अजून माझ्याकडेच आहे आणि ती परत मिळणार नाही हे त्याला कळून चुकलं आहे. ब्रेकचे रबर एका पावसात खाल्ले गेले होते, ते बदलून घेतले, चेन रॉकेलने धुतली, तेल दिलं. पुढचा बेत गिरणारेमार्गे वाघेरा घाटाचा. त्याच वाटेने पुढे हरसूल, जिथल्या चढांवर सावरपाड्याची पोरगी पळून पळून तयार झाली. वर घाटात सायकल चढवायची, खाली येऊन ती झाडाला टेकवायची आणि लगेच पळायला लागायचं. असा सराव नेमाने केला की पाय लवकर परत येतात म्हणतात. लवकर यावेत की नाही, यावर माझं अजून नक्की होत नाही.

परवा रात्री जेवणं झाल्यावर मी घरात सगळ्यांना स्वित्झर्लंडमधल्या झोफिंगेनची माहिती वाचून दाखवत होते. लांब पल्ल्याच्या ड्युएथलॉनची ही पंढरी, 1989 पासून चालू. तिथे आधी 10 किलोमीटर पळतात, मग डोंगराळ रस्त्यावर 150 किलोमीटर सायकल आणि शेवटी 30 किलोमीटर पुन्हा पळणं. नवरा म्हणाला, “पासपोर्ट काढून ठेवू का?” सासूबाई मेथी निवडत होत्या. त्यांनी जुडी खाली ठेवली.

“तीस किलोमीटर? सायकल चालवून झाल्यावर?”

“हो आई.”

“सायकल तोवर बिघडलेली असते का?”

“नाही, चांगली असते. टांगून ठेवतात.”

“मग मेली माणसं उतरतात कशाला?”